इंद्रभानच्या गिटारला नवा जोडीदार

१२ जुलै, शुक्रवार

माझ्या खुर्चीवर आज लॅपटॉप होता.

इंद्रभानच्या बैठकीतली खिडकीजवळची लाकडी खुर्ची माझी, असं कोणी कधी ठरवलं नव्हतं; पण तिच्यावर दुसरं कोणी बसत नाही. दर शुक्रवारी मी अनसिंगहून बसने वाशिमला जातो, त्या खुर्चीत बसून रिदम गिटार सुरात लावतो. समोर इंद्रभान त्याची हवाईयन गिटार मांडीवर आडवी घेतो आणि तारांवरून स्टीलचा बार सरकवायला लागतो. कॉलेजच्या गॅदरिंगपासून हे चालू आहे. तो वीज मंडळात लागला, मी शेतीत राहिलो, दोघांची लग्नं झाली, तो रिटायर झाला. लग्नाचे स्वागत समारंभ, गणपती, निरोपाचे कार्यक्रम, सगळीकडे आम्ही सिनेमाची गाणी वाजवली. लोक ऐकतात त्याला. मी मागे असतो. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. मी थांबलो की त्यालाही थांबावं लागतं, एवढं मला पुरत होतं.

१ ऑक्टोबरला ज्येष्ठ नागरिकांचा कार्यक्रम आहे. इंद्रभान म्हणाला, "धना, आयुष्यभर हवाईयन गिटार वाजवली, पण हवाईचं गाणं एकबी नाई वाजवलं. आता वाजवू ना बे." त्या बेटावरच्या चार धुना त्याने मोबाईलवर ऐकून बसवल्यात. त्यांना मागे युकुलेली, म्हणजे चार तारांची छोटी गिटार लागते, मोठा बेस लागतो. वाशिममध्ये युकुलेली कोण वाजवणार? म्हणून हे सॉफ्टवेअर. त्याची सून ज्योत्स्ना कॉम्प्युटर शिकवते, तिनेच ते आणलं. तिने मला समजावून सांगितलं की कॉर्ड लिहून द्यायचे आणि स्टाईल निवडायची, बाकी सगळं ते स्वतःच वाजवतं. ड्रम, बेस, युकुलेली, सगळं.

तिने एक बटण दाबलं आणि खोलीत समुद्रकिनारा आला. इंद्रभानचा चेहरा असा उजळला की काय सांगू. माझ्या वाजवण्याने तो शेवटचा कधी असा उजळला होता, ते आठवत बसलो.

मी स्टुलावर बसून वाजवलं.

१५ जुलै

सोयाबीनमध्ये तणासाठी डवरे चालू आहेत. बायकोला, विजयमालेला, लॅपटॉपची गोष्ट सांगितली तर ती हसायला लागली. "मंग तुमाले सवत आली म्हना की."

मी हसलो नाही. दुपारी गॅसवर दूध ठेवून ती अंगणात गेली, मी तिथेच बसलो होतो. दूध उतू जाऊन भांडं जळून काळं झालं तरी मला पत्ता नाही. घरभर वास सुटला म्हणते. मला काही आला नाही. डोकं त्या यंत्रात असलं की नाक तरी कुठून चालणार?

१९ जुलै, शुक्रवार

आज स्टाईल निवडायला बसलो. इंद्रभानचं म्हणणं, निवड मी करायची. "कान तुया आहे," म्हणाला. स्वतःच्या जागी येणाऱ्या माणसाची मुलाखत आपणच घ्यायची, असा प्रकार.

हवाईच्या नावाखाली त्यात पुष्कळ स्टाईल आहेत. पहिली लावली तर तिच्यात स्टील गिटार आधीच वाजतेय. इंद्रभानने सूर लावला की ते यंत्रही तसाच सूर ओढायचं, दोन बायका एका दमात बोलाव्यात तसं. मी सांगितलं की ही चालणार नाही, आपला गडी तेच वाजवतो. ज्योत्स्ना म्हणाली, तेवढं एक वाद्य बंद करता येतं. इंद्रभान लगेच म्हणाला, "पाह्य, मी म्हनलं ना, याचा कान." मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून राग आला.

दुसरीत ड्रम फार. तिसरी तीन मात्रांची, वॉल्ट्झची. आमची धून चार मात्रांची. चौथी बरी होती, युकुलेली हलकी, बेस पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर. तिच्याबरोबर वाजवायला घेतलं. पण यंत्र पळतं. कडव्याच्या शेवटापर्यंत ते पुढे निघून जातं. मी तसं बोललो. ज्योत्स्ना म्हणाली, "काकाजी, टेम्पो पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखाच राह्यते त्यात. तो बदलत नाई."

मी म्हटलं, बदलतो. मी काय आज वाजवायला लागलो?

इंद्रभान खिडकीबाहेर बघत होता. त्याने माझी बाजू घेतली नाही.

२ ऑगस्ट, शुक्रवार

आज एक काम केलं. सगळ्यात सावकाश धुनेसाठी मी मुद्दाम वाईट स्टाईल निवडली. तिच्यात ड्रमवाला प्रत्येक ओळीच्या शेवटी असा धडधडतो की डब्यांची चवड कोसळावी. म्हटलं, आता इंद्रभान वैतागेल आणि म्हणेल, बंद करा रे हे, धना, तू घे.

त्याने पूर्ण धून त्याच्यावर वाजवली. मध्ये दोनदा अडखळला, पुन्हा पकडली. संपल्यावर घाम पुसून म्हणाला, "तू निवडली म्हंजे त्यात काही असनच. मले सापडलं नाई अजून." ज्योत्स्नाने माझ्याकडे पाहिलं. पोरगी हुशार आहे.

बसमध्ये तेच डोक्यात होतं. त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

११ ऑगस्ट, रविवार

वाशिमला खताच्या कामाला गेलो होतो. सहज इंद्रभानकडे वळलो, न सांगता.

फाटकापाशीच ऐकू आलं. आतून त्याची गिटार, आणि मागे ते. चौथी स्टाईल. ड्रम बंद केलेला, नुसता बेस आणि युकुलेली. कडवं संपल्यावर पुन्हा सुरुवातीला यायला दोन ओळींचं एक वळण असतं. ते वळण त्याने असं घेतलं, बार असा उतरवला, की तो आमच्या जोडीतलाच वाटला. आमच्या जोडीतला, आमच्या चांगल्या वर्षांतला. तसा तो माझ्याबरोबर आता वाजवत नाही. माझ्याबरोबर तो जपून वाजवतो.

आपल्या बायकोला दुसऱ्याशी हसून बोलताना भिंतीआडून ऐकावं, तसं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं खरं.

परत फिरायचं ठरवलं तर पाय उचलेना. फाटकाच्या उंबऱ्याशी पाय जमिनीला चिकटल्यासारखे झाले. रागाने माणसाचं असं होतं हे ऐकून होतो. समोरून एक बाई आल्या, त्यांना वाट द्यायची म्हणून हललो, मग निघालं पाऊल. आत गेलोच नाही.

२० ऑगस्ट

बँकेत सही जुळली नाही. बाबू म्हणाला, अक्षर फार बारीक आलं, परत करा. तीन वेळा केली. मागे रांग. विजयमाला आजकाल प्रत्येक गोष्टीला "काय म्हनता, मोठ्यानं बोला ना" म्हणते. तिला कमी ऐकू यायला लागलंय, तिला दाखवायला पाहिजे.

३० ऑगस्ट, शुक्रवार

संपलं आज.

इंद्रभानने एक योजना काढली. बेस आणि युकुलेली यंत्राची ठेवू. मी फक्त दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर एकेक झटका द्यायचा. कॉलेजात असताना मी नव्या पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवायचो. मी म्हटलं, मग टाळच दे ना माझ्या हातात. ज्योत्स्ना चहा ठेवते म्हणून उठून गेली.

मी म्हटलं, "मले सरळ सांग, इंद्रभान. मी का ते?"

त्याने बार बाजूला ठेवला. बराच वेळ तारा पुसत होता. मग म्हणाला, "तू मंद पडून राह्यला, धना. साल झालं. तू मांगं पडतं, मंग मीबी मांगं येतो, कोणाले कळू नाई म्हनून. आता मले ते जमून नाई राह्यलं."

मी गिटार पिशवीत घातली. चेन लागेना, तशीच उघडी घेऊन आलो. कित्येक वर्षं त्याला जो पाठीमागून धरून आहे तोच मंद. आणि ते डबडं बरोबर.

त्याची आई गेली तेव्हा ते डबडं बसलं होतं का त्याच्याजवळ?

२ सप्टेंबर, पोळा

अंजू जावयासोबत अकोल्याहून आली. तिथे दवाखान्यात नर्स आहे. मला एक साक्षीदार पाहिजेच होता. सकाळी मोबाईलवर माझं वाजवणं रेकॉर्ड करून ठेवलं होतं, तिला ऐकवलं. म्हटलं, सांग, मंद आहे का? तिने शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाली, संध्याकाळी बोलू.

गावात आता ट्रॅक्टरच जास्त, तरी आमची एक जोडी आहे. बैल तोरणाखाली नेले. मी कासरा डाव्या हातात धरून पुढे, अंजू मागून. घरी आल्यावर तिने विचारलं, "बाबा, चालतानी उजवा हात काहून हालत नाई तुमचा?"

मी म्हटलं, बैल डाव्या हातात होते. ती म्हणाली, येतानी तर दोन्ही मोकळे होते.

मग तिने मला अंगठा आणि पहिलं बोट चिमटीसारखं एकमेकांवर आपटायला लावलं, पटापट. डावं नीट चाललं. उजवं सुरुवातीला चाललं आणि हळूहळू बारीक होत गेलं, विहिरीतून शेवटचं पाणी काढावं तसं. मी बोटाकडे बघत होतो आणि बोट माझं ऐकत नव्हतं. अंजूने वास येतो का विचारलं, जेवणाचा, गोठ्याचा. विजयमालेने दुधाची गोष्ट सांगून टाकली. आवाज बारीक झाला तेही सांगितलं. म्हणजे तिला ऐकू कमी येत नाही.

पुरणपोळी गोड होती. एवढं कळलं.

५ सप्टेंबर, अकोला

कंपवात.

मी डॉक्टरांना म्हटलं, पण माझा हात कापत नाही. ते म्हणाले, सगळ्यांचा कापतोच असं नाही. काहींचा नुसता मंद होतो, आखडतो. गोळ्या दिल्यात, फरक पडेल म्हणाले. बरं होईल म्हणाले नाहीत. मी विचारलं, किती दिवसांपासून असेल. म्हणाले, वर्ष दोन वर्षं तरी.

बाहेर बाकावर माझ्याच वयाचा एक माणूस नातवासाठी कागदाचं विमान करत होता. झरझर घड्या. त्याच्या हातांकडे बघत राहिलो आणि मनात आलं, याला काय झालंय म्हणून हा इथे आहे? याचे हात तर असे आहेत. असे विचार येतात आता.

इंद्रभानला कळवायचं नाही, असं विजयमालेला बजावलं.

११ सप्टेंबर, महालक्ष्म्यांचं जेवण

इंद्रभान दरवर्षी आमच्याकडे महालक्ष्म्यांना जेवायला येतो. यंदा येणार नाही असं धरून चाललो होतो. आला. ज्योत्स्नाही आली, आणि तिच्या खांद्याला लॅपटॉपची पिशवी. मी विजयमालेकडे पाहिलं. ती म्हणाली, "मी नाई फोन केला. अंजूनं केला." जसं काही त्याने फरक पडतो.

आंबील, सोळा भाज्या, सगळं झालं. इंद्रभान हात धुवायला मागे गेला तेव्हा ज्योत्स्ना माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "काकाजी, एक सांगू? बाबाले नका सांगजा मी सांगतलं म्हनून." मागच्या हिवाळ्यात शिरपूरच्या एका लग्नाचा कार्यक्रम होता. त्या लोकांनी इंद्रभानला निरोप धाडला होता की तुम्ही या, पण रिदमवाला दुसरा आणा, तो गाणं ओढतो. इंद्रभानने कार्यक्रमच सोडून दिला. मला म्हणाला होता की लग्न पुढे ढकललं. त्यानंतर त्याने हिला विचारलं, कॉम्प्युटरवर असं काही मिळतं का, की मागे ताल पक्का राहील आणि धनराज त्याच्या आड बसून वाजवेल, चुकलं तरी कोणाला कळणार नाही.

ती म्हणाली, "ते तुमच्या जागी नोतं आणलं. तुमच्यासाठी आणलं."

माझे डोळे भरून यायला पाहिजे होते. आला राग. वर्षभर तो मला सांभाळत होता, आणि मी समजत होतो की मी त्याला सांभाळतो. त्याचा मोठेपणाही त्याच्याकडेच. चांगले हात त्याचे, टाळ्या त्याच्या, आणि आता चांगुलपणाही त्याचाच. माझ्याकडे काय ठेवलं?

इंद्रभान आला, बसला, आणि बोलायला दुसरं काही सुचेना म्हणून असेल, म्हणाला, "त्या सावकाशवालीची स्टाईल मले नाई झेपत."

मी म्हटलं, "नाई झेपणार. ती मी तुले पाडाले निवडली होती."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग ज्योत्स्नाकडे. तिने होकाराची मान हलवली. तो म्हणाला, "लय हरामखोर आहे बे तू," आणि हसायला लागला. इतका हसला की विजयमाला आतून बघायला आली.

मग बसलो आम्ही. दुपार सगळी त्यातच गेली. यावेळी खरं निवडलं. सावकाश धुनेला ड्रम नकोच, नुसती युकुलेली, आणि तीही वरच्या तारांवर. खालच्या सुरांत आली की इंद्रभानचा बार झाकला जातो. टेम्पो बराच खाली आणला. बेसच्या दोन तऱ्हा होत्या, एक नुसता उभा, ठरल्या मात्रेला एकच सूर देणारा, आणि एक चालता, सुरांवरून फिरत राहणारा. तो चालता मागत होता. मी उभा ठेवला. चालता बेस लोकांचं लक्ष मागतो, आणि या धुनेत मागायला काही नाही, सोडून द्यायचं आहे. त्याने वाजवून पाहिलं आणि वाद घातला नाही.

हे सगळं मला येतं. हात गेला तरी हे जात नाही, असं दिसतं. पण हे येऊन काय करायचं?

२७ सप्टेंबर, शुक्रवार

गोळ्यांनी हात थोडा सुटला आहे. सकाळी बरा असतो, दुपारी पुन्हा आखडतो. कार्यक्रम सकाळी आहे. ठरलं असं, की पहिल्या धुनेला मीही वाजवायचं, यंत्राच्या सोबत. पुढच्यांचं तेव्हा बघू.

इंद्रभानने माझी खुर्ची रिकामी करून ठेवली होती. लॅपटॉप स्टुलावर.

१ ऑक्टोबर, मंगळवार

घरी येऊन जेवलो, आता लिहितो.

हॉल भरला होता. सगळी आमच्याच वयाची मंडळी. इंद्रभानने माईकवर सांगितलं की आज सिनेमाचं काही नाही, ज्या बेटावरून हे वाद्य आलं तिथलं वाजवणार आहोत. ज्योत्स्ना लॅपटॉपवर. मी त्याच्या उजव्या हाताला.

पहिली धून सुरू झाली. सुरुवात चांगली झाली, मी यंत्राच्या सोबत होतो. पहिलं कडवं सोबत. दुसऱ्या कडव्यात मला पुन्हा वाटलं, पळतंय ते. पण आता मला माहीत होतं कोण काय करतंय. हात हलवत होतो आणि हात उशिरा पोहोचत होता. बेस पडायचा आणि माझा झटका त्याच्या मागून यायचा, पायरी चुकलेल्या माणसासारखा. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी मान वळवली.

इंद्रभानने ऐकलं. त्याने ज्योत्स्नाकडे बघून हाताचा पंजा खाली केला. तिने आवाज कमी करत करत यंत्र बंद केलं.

राहिलो आम्ही दोघं. त्या एवढ्या हॉलमध्ये माझा उशिरा येणारा झटका, आणि प्रत्येक झटक्यासाठी थांबलेला त्याचा सूर. तो सूर ओढून धरायचा, मी पोहोचेपर्यंत, मग खाली उतरायचा. वर्षभर तो हेच करत होता. मी आज पहिल्यांदा ऐकलं. सुरू झाली होती त्याच्या अर्ध्या गतीत धून संपली. टाळ्या झाल्या. लोकांना वाटलं, असंच असतं ते.

दुसरी ती सावकाश. इंद्रभान माझ्याकडे बघत होता, मी घ्यावी म्हणून. यंत्र बंदच होतं. तो ते सुरू करायला सांगणार नव्हता, हे मला दिसत होतं. मी म्हटलं असतं तर चारही धुना तो तसाच थांबत थांबत वाजवत बसला असता.

मी गिटार खाली ठेवली आणि ज्योत्स्नाला म्हटलं, "लाव."

त्याने काही बोलायला तोंड उघडलं. मी म्हटलं, "तू वाजव ना बे."

वाजवलं त्याने. त्या दिवशी मी फाटकातून जसं ऐकलं होतं तसं, त्याहून बरं. कोणासाठी थांबायचं नव्हतं त्याला. मी बाजूला बसून ऐकलं. जळलो, खोटं का लिहू? त्या लॅपटॉपवर जळलो, त्याच्या मनगटावर जळलो. पण बेस उभा होता, जिथे पाहिजे तिथेच पडत होता, आणि तो चालता असता तर सगळी धून बिघडली असती. हे हॉलमध्ये फक्त मला माहीत होतं. आणि त्याला.

बाहेर निघताना पायरीवर माझे पाय पुन्हा अडले. त्याने विचारलं नाही, दंडाला धरलं, आणि तोंडाने हळूच ठेका धरला, एक दोन तीन चार. चारला निघालो.

बसस्टँडवर म्हणाला, "शुक्रवारी येजो."

मी म्हटलं, "कायले? वाजवणं तर तुये ते करते."

"भांडाले," तो म्हणाला. "ते भांडत नाई."

बस आली, चढलो. शुक्रवारी जाणार आहे. चौथ्या धुनेला त्याने आज मला न विचारता चालता बेस लावला होता.